हिरडीखालचं हाड : प्रस्तावना

खालच्या ओळीत मधोमध चार पटाशीचे दात असतात. त्यांतला एखादा शेजारच्यांपेक्षा लांब दिसायला लागतो, मुळाजवळ पिवळसर पट्टी उघडी पडते आणि थंड पाणी नेमकं तिथेच झोंबतं. वय वीस-बावीस. तोंड स्वच्छ, हिरडीतून रक्त नाही, दात घट्ट. दात सरळ करून घ्यायचे म्हणून ही मुलं-मुली येतात आणि एकही तार लागण्याआधीच हिरडीने त्या दाताला सोडलेलं असतं. घरचे म्हणतात, ब्रश फार जोरात घासते. एक डॉक्टर सांगतात, आधी हिरडीचं बघा, मग तारा. दुसरे सांगतात, आधी दात सरळ करू, हिरडीचं पुढे बघता येईल. एखाद्या रुग्णाच्या बाबतीत पहिले बरोबर असतात, एखाद्याच्या बाबतीत दुसरे. कोण केव्हा बरोबर, हे ठरवायचं कसं, ते मात्र रुग्णाला कुणी समजावून सांगत नाही, आणि पुष्कळदा नव्या डॉक्टरलाही कुणी शिकवलेलं नसतं. हे पुस्तक त्यासाठी लिहिलेलं आहे.

हिरड्यांच्या विभागात काम आणि अध्यापन केलेला माणूस म्हणून लेखकांनी मला प्रस्तावना लिहायला सांगितली. मला या विषयात जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. दाताच्या मुळाबाहेर हाड किती आहे आणि त्या हाडावर हिरडी किती जाड आहे, हे पाहिल्यावाचून ‘तारांमुळे हिरड्या उतरतात’ हे विधान अर्धवट आहे, आणि ‘तारांमुळे काही होत नाही’ हेही तितकंच अर्धवट आहे. हिरडी उतरण्याची तयारी बहुतेक वेळा आधीच झालेली असते. ब्रश, कीटण, तार, तंबाखू यांपैकी एखादी गोष्ट नंतर निमित्त होते.

ही तयारी म्हणजे काय, ते पाहायला माणसाच्या खालच्या जबड्याचं वाळलेलं हाड हातात घ्यावं. शिकवताना मी तेच करत आलो. आधी मागच्या दाढांपाशी बाहेरून बोट ठेवा. तिथे हाडाचा रुंद, भक्कम कठडा लागतो. बोट पुढे आणत उपदाढांवरून सुळ्यापाशी या. आता मुळांचे उभे उंचवटे बोटाला जाणवतात, कारण त्यांच्यावरचं हाड पातळ होत गेलेलं असतं. सुळ्याच्या उंचवट्यावर पुष्कळदा हाडाची वरची कड एकदम खाली गेलेली दिसते आणि लांबट, कमानदार जागेत उघडं मूळ दिसतं. मग पुढचे चार दात. जबडा दिव्यासमोर धरला तर त्यांच्या मुळांवरचं हाड कांद्याच्या पापुद्र्यासारखं उजेड आरपार जाऊ देतं. जिभेकडच्या बाजूने पाहिलं तरी तिथे फारसं जास्त हाड नसतं. ज्या दातांना सरळ ओळीत आणण्यासाठी आपण सर्वाधिक धडपडतो, तेच दात जबड्यातल्या सर्वांत अरुंद जागेत उभे आहेत.

हाडाच्या या उणिवा दोन प्रकारच्या असतात. वरच्या कडेपासूनच हाड नसेल तर तिला डिहिसन्स म्हणतात. कड शाबूत आहे, पण मधेच खिडकीसारखं भोक आहे, तर ते फेनेस्ट्रेशन. 2001 साली रप्रेक्ट आणि सहकाऱ्यांनी आधुनिक अमेरिकी माणसांच्या 146 कवट्या तपासल्या. 40.4 टक्के कवट्यांत निदान एक डिहिसन्स होतं आणि 61.6 टक्के कवट्यांत निदान एक फेनेस्ट्रेशन. डिहिसन्स सर्वांत जास्त खालच्या सुळ्यांवर आढळलं, तर फेनेस्ट्रेशन वरच्या पहिल्या दाढांवर. दातांच्या हिशेबाने पाहिलं तर आकडे लहान आहेत: साधारण 4 टक्के दातांवर डिहिसन्स, 9 टक्के दातांवर फेनेस्ट्रेशन. पण माणसांच्या हिशेबाने पाहिलं तर दवाखान्याच्या खुर्चीत बसणाऱ्या पाचांतल्या निदान तिघांच्या तोंडात कुठेतरी हाड आधीच नाहीसं आहे, असं धरून चालावं लागतं. आणि बाहेरून बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण वर हिरडी आहे.

हाड का नसतं? दात ओळीबाहेर उगवला, जबड्याच्या मानाने दात मोठे निघाले, दाटीवाटीत एक दात ओठाकडे ढकलला गेला, की मूळ हाडाच्या मधोमध न राहता बाहेरच्या भिंतीला जाऊन टेकतं. वरचा पटाशीचा दात खालच्याच्या मागे अडकला तर प्रत्येक चावण्यासरशी खालचा दात पुढे रेटला जातो. लांब, अरुंद चेहऱ्याच्या माणसांत हनुवटीवरचं हाड उंच पण चिंचोळं असतं. चेस्टर हँडेलमन यांनी 1996 मध्ये क्ष-किरण प्रतिमांवर पुढच्या दातांभोवतालचं हाड मोजून हे स्पष्ट दाखवलं. यात आणखी एक गोष्ट आहे, ती नव्या वाचकाने मनात पक्की करावी. दात धरून ठेवणारं हाड आणि जबड्याचं मूळचं हाड ही दोन वेगळी आहेत. पहिलं दातांबरोबर घडतं आणि दात पडला की विरघळत जातं. दुसरं राहतं. पुढच्या दातांवर तर बाहेरची कठीण भिंत आणि खोबणीची आतली भिंत एकमेकींत मिसळून जातात, मधे मज्जेला जागाच उरत नाही. म्हणजे तिथलं हाड पातळ आहेच, शिवाय त्याला आतून मिळणारा रक्तपुरवठाही तोकडा आहे. अशा जागी एकदा हाड गेलं की ते आपसूक परत येईल ही आशा कमी असते.

आता हिरडी. दाताभोवती फिकट गुलाबी, घट्ट पट्टी असते आणि तिच्या खाली लालसर, सैल अस्तर असतं. ओठ ओढला की हे अस्तर हलतं, पट्टी हलत नाही. पट्टीची उंची दातागणिक बदलते. खालच्या सुळ्यामागच्या पहिल्या उपदाढेपाशी ती बहुधा सर्वांत कमी असते. काहींच्या बाबतीत ओठाचा पडदा दोन दातांच्या मधे थेट हिरडीच्या कडेपर्यंत चढलेला असतो, आणि तिथे ब्रश नीट फिरत नाही. उंची डोळ्यांना दिसते म्हणून तिच्याबद्दल फार बोललं गेलं. जाडी दिसत नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जायला वेळ लागला. ती तपासायची सोपी रीत आहे: दात आणि हिरडी यांमधल्या खाचेत बारीक धातूचा प्रोब हलकेच सरकवायचा. हिरडीतून त्याची करडी छाया दिसली तर हिरडी पातळ, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी. दिसली नाही तर जाड. अर्ध्या मिनिटाचं काम. तारा लावण्याआधीच्या तपासणीत हे अर्धं मिनिट किती ठिकाणी दिलं जातं, हा प्रश्न लेखकांनी पुस्तकात वारंवार विचारला आहे, आणि तो विचारायलाच हवा.

जाडीने एवढा फरक का पडतो? कीटणामुळे हिरडीत सूज येते तेव्हा तिचा पसारा एक-दोन मिलिमीटरपुरताच असतो. हिरडी जाड असेल तर आतली बाजू सुजते, बाहेरची टिकून राहते, आणि दात-हिरडी यांमध्ये पॉकेट तयार होतं. हिरडी पातळ असेल तर सूज तिची पूर्ण जाडी व्यापते. आतलं आणि बाहेरचं आवरण एकमेकांना भिडतं, मधलं ऊतक नाहीसं होतं आणि कड खाली सरकते. आजार तोच. एका तोंडात तो पॉकेट होतो, दुसऱ्या तोंडात उघडं मूळ. ब्रशच्या घर्षणाचंही तसंच. खाली हाड असेल तर पातळ हिरडीही वर्षानुवर्षं टिकते. खाली हाड नसेल आणि वर हिरडी पातळ असेल, तर मुळावर उरतं ते थोडंसं मऊ ऊतक, आणि ते फार काही सोसू शकत नाही.

हिरडी उतरण्याची कारणं एकच नाहीत हे कळायला जगाला एक मोठा अभ्यास लागला. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 पासून नॉर्वेतल्या सुशिक्षित तरुणांचा आणि 1970 पासून श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या तमिळ मजुरांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. नॉर्वेतल्या गटाला नियमित दंतसेवा होती, रोज दात घासण्याची शिस्त होती. श्रीलंकेतल्या गटाला यातलं काहीच नव्हतं. 1992 मध्ये या दोन्ही गटांच्या हिरड्या उतरण्याचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन्हीकडे हिरड्या उतरलेल्या होत्या. नॉर्वेत त्या तरुणपणीच, पण मुख्यतः दातांच्या ओठ-गालाकडच्या बाजूला उतरल्या होत्या. मळ्यावरच्या मजुरांत कीटण आणि आजारामुळे वयाबरोबर दातांच्या सगळ्या बाजू उघड्या पडत गेल्या होत्या. माझ्या मते आमच्या शास्त्रातला हा फार मोलाचा अभ्यास आहे. स्वच्छ तोंडातही हिरडी उतरते आणि ती कुठे उतरते यावरून कारणाचा माग लागतो, हे त्याने शिकवलं. दातांच्या मधलं हाड शाबूत असून फक्त बाहेरची बाजू उघडी पडली असेल तर शरीररचना आणि घर्षण यांच्याकडे पाहावं. मधलंही हाड गेलं असेल तर आधी हिरड्यांचा आजार शोधावा. 1985 चं मिलर यांचं वर्गीकरण आणि 2011 चं कैरो यांचं वर्गीकरण याच भेदावर उभं आहे, कारण उघडं मूळ पुन्हा झाकता येईल का, हे त्या मधल्या हाडावर ठरतं.

महाराष्ट्रात काम करणाऱ्याला इथे मशेरीची आठवण होतेच. भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने हिरडीवर घासण्याची सवय आपल्याकडे, विशेषतः खेड्यापाड्यांतल्या बायकांत, पिढ्यान्‌पिढ्या आहे. तंबाखूची गोळी ओठामागे जिथे धरली जाते तिथली हिरडी उतरते, हे तर कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसतं. अशा बाईची मुलगी पुण्या-मुंबईत नोकरी लागल्यावर तारा लावायला येते, तेव्हा आईची पातळ हिरडी तिच्याकडे आलेली असू शकते. सवय आली नसली तर निम्मं संकट टळलं. राहिलेलं निम्मं मोजून पाहावं लागतं.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू, दात सरळ करणाऱ्यांच्या. त्यांच्या इतिहासात हाडाचा प्रश्न सुरुवातीपासून आहे, फक्त त्याला हिरडीचं नाव नव्हतं. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये दातांच्या जुळणीचं वर्गीकरण मांडलं, 1900 मध्ये सेंट लुईसला आपली शाळा काढली आणि पुढे एक मत अखेरपर्यंत धरून ठेवलं: सगळे दात ठेवूनच ओळ नीट करायची. हाड कामाप्रमाणे आकार बदलतं हा बर्लिनच्या युलिउस वोल्फ यांचा सिद्धांत त्यांनी आपल्या बाजूने घेतला. दात योग्य जागी उभे करा, त्यांना नीट चावू द्या, हाड त्यांच्याभोवती आपोआप वाढेल, असं त्यांचं म्हणणं. कॅल्विन केस यांनी याला विरोध केला आणि 1911 मध्ये अमेरिकेत यावर जाहीर खडाजंगी झाली. स्वीडनमध्ये आक्सेल लुंडस्ट्रॉम यांनी 1920 च्या दशकात सांगितलं की दातांची ओळ रुंदावली तरी त्यांच्या मुळांच्या टोकांपाशी असलेला जबड्याचा पाया रुंदावत नाही. हे वाक्य मला अँगल यांच्या साऱ्या आशावादापेक्षा जास्त खरं वाटतं.

निर्णायक वळण दिलं ते अँगल यांच्याच शिष्यांनी. चार्ल्स ट्वीड अ‍ॅरिझोनात टूसॉनला काम करत. गुरूच्या रीतीने पूर्ण केलेले आपलेच रुग्ण त्यांनी पुन्हा तपासले आणि पुष्कळांचे पुढचे दात हाडाबाहेर झुकलेले, ओठ पुढे आलेले, ओळ पुन्हा विस्कटलेली पाहिली. त्यांनी चार उपदाढा काढून तेच रुग्ण नव्याने हाताळले, आणि 1940 मध्ये शंभर रुग्णांचे आधीचे व नंतरचे पुरावे व्यवसायबंधूंसमोर मांडले. खालचे पटाशीचे दात जबड्याच्या तळाशी साधारण 90 अंशांत, हाडावर उभे हवेत, हा त्यांचा आग्रह. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडचे रेमंड बेग, तेही अँगल यांचे विद्यार्थी, दात काढूनच उपचार करण्याकडे स्वतंत्रपणे वळले. ट्वीड यांची दृष्टी मुख्यतः चेहऱ्याच्या ठेवणीवर आणि ओळ टिकून राहण्यावर होती. पण त्यांनी आखलेली ती 90 अंशांची रेघ हिरडीच्याही कामाची निघाली.

पुढे ‘दात काढा’ आणि ‘दात काढू नका’ यांत लंबक हलतच राहिला. आज पुन्हा ओळ रुंदावणाऱ्या पद्धतींचा काळ आहे. दात न काढता जागा करून देण्याचं आश्वासन कुणाला आवडणार नाही? सरसकट दात काढण्याचा मी पुरस्कर्ता नाही, दाटी थोडी असेल तर त्याची गरजही नसते. पण जागा कुठून येणार हे सांगितल्याशिवाय दिलेलं आश्वासन अपुरं आहे. दात बाहेर नेऊन जागा केली तर मुळाबाहेरची भिंत तितकी पातळ होते. तिथे आधीच भिंत नसेल तर?

या ‘तर’चं उत्तर प्रयोगशाळेतून आलं. स्टाइनर, पिअर्सन आणि आइनामो यांनी 1981 मध्ये माकडांचे पुढचे दात ओठाकडे सरकवले, तेव्हा हाडाची कड खाली गेली आणि हिरडीही उतरली. दुसऱ्याच वर्षी कारिंग, नीमान, थिलांडर आणि माग्नुसन यांनी बीगल जातीच्या कुत्र्यांत दात हाडाबाहेर नेले आणि मग परत जागेवर आणले. गेलेलं हाड पुन्हा तयार झालं. मुळावरचं ऊतक जिवंत असेल आणि दात योग्य दिशेने नेला तर हाड घडण्याची शक्यता जागी असते, हे त्यातून कळलं. 1987 मध्ये स्वीडनमधल्या योतेबोरीच्या वेनस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने चित्र आणखी स्पष्ट केलं. हिरडीची पट्टी अरुंद होती म्हणून ती उतरली असं झालं नाही. दात हाडाबाहेर गेला, हिरडी ताणून पातळ झाली आणि त्यात कीटणाची सूज आली, तेव्हा ती उतरली. दात हाडाच्या आवरणात राहिला तर अरुंद पट्टीही सांभाळून घेत होती.

याआधी लांग आणि लो यांच्या 1972 च्या अभ्यासावरून निदान दोन मिलिमीटर घट्ट हिरडी हवीच असा नियम रूढ झाला होता, आणि त्या नियमाखातर कितीतरी तोंडांत टाळूवरून कापून आणलेले ग्राफ्ट बसवले गेले. तो आग्रह ओसरला, जाडीला महत्त्व आलं. 1969 मध्ये ऑक्सेनबाइन आणि रॉस यांनी सपाट आणि नागमोडी अशा हिरड्यांच्या दोन ठेवणी सांगितल्या होत्या. 1989 मध्ये सायबर्ट आणि लिंडे यांनी जाड-सपाट आणि पातळ-नागमोडी असे दोन प्रकार मांडले. 2017 च्या जागतिक कार्यशाळेने हिरडीची जाडी, घट्ट पट्टीची उंची आणि हाडाची ठेवण या तिन्हींना मिळून ‘पेरिओडॉन्टल फिनोटाइप’ म्हणायचं ठरवलं. एकेकट्या मोजमापावर भांडण्यापेक्षा तिन्ही एकत्र पाहण्याची ही रीत मला पटते.

माणसांवरचे अभ्यास मात्र एका सुरात बोलत नाहीत, आणि लेखकांनी ते लपवलेलं नाही. 2006 मध्ये यारेद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उपचारानंतर खालचे दात 95 अंशांपलीकडे झुकलेले आणि हिरडीची कड अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असेल तिथे हिरडी जास्त उतरते, आणि या दोहोंत जाडीचा वाटा मोठा. 2005 मध्ये मेल्सेन आणि आलै यांनी प्रौढ रुग्णांत पातळ हिरडी, कीटण आणि आधीची सूज यांकडे बोट दाखवलं. उलट काही आढाव्यांना दात पुढे झुकण्याचा आणि हिरडी उतरण्याचा ठोस संबंध सापडला नाही. मला यात विरोध दिसत नाही. जाड हाड आणि पातळ हाड असलेली माणसं एकाच यादीत मिसळून सरासरी काढली तर ज्यांना धोका आहे ते त्या सरासरीत हरवतात.

आणखी एक मोठी घडामोड म्हणजे सीबीसीटी, म्हणजेच कोन-बीम सीटी स्कॅन. 1990 च्या दशकाच्या शेवटी आलेल्या या यंत्राने दाताभोवतालचं हाड तिन्ही बाजूंनी दाखवलं. साध्या क्ष-किरण चित्रात दाताच्या बाहेरची भिंत मुळामागे लपते, इथे ती दिसते. पण ही चित्रं वाचायला विवेक लागतो. चित्र ज्या बारीक घनांनी बनतं त्यांच्याहून हाड पातळ असेल तर ते चित्रात उमटतच नाही, आणि असलेल्या हाडाच्या जागी भोक दिसतं. म्हणून सीबीसीटीवर उणिवा प्रत्यक्षाहून जास्त दिसतात. शिवाय क्ष-किरणांचा भार आहे. प्रत्येक मुलाला तारा लावण्याआधी सीबीसीटी करा असं कुणी सांगत असेल तर मी त्याच्याशी सहमत नाही. प्रोब, बोट, डोळे आणि चांगला फोटो यांनी शंका आली, तर पुढे जावं.

उपचारांच्या बाबतीतही दोन तट आहेत. एक म्हणतो, आधी हिरडी जाड करा. टाळूच्या आतून संयोजी ऊतक घेऊन ते हिरडीखाली बसवण्याची लँगर व लँगर यांनी 1985 मध्ये सांगितलेली पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे. दुसरा म्हणतो, थांबा आणि लक्ष ठेवा. माझं उत्तर दाताच्या प्रवासाची दिशा बघून ठरतं. दात ओठाकडे, हाडाच्या कडेकडे जाणार असेल आणि हिरडी पातळ असेल, तर ग्राफ्ट आधी. ओळीबाहेर आलेला दात आत, हाडात परत येणार असेल, तर त्याची हिरडी आपणहून जाड होते, कधी थोडी वरही येते, म्हणून शस्त्रक्रियेची घाई नको. शाळकरी वयातल्या मुलांत तर खालच्या पटाशीच्या दाताची उतरलेली हिरडी स्वच्छता सुधारली आणि दात जागेवर आला की बऱ्याच वेळा आपोआप सुधारते. अशा मुलाच्या टाळूवर चाकू चालवणं मला मान्य नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या थॉमस आणि विल्यम विल्को या भावांनी, एक हिरड्यांचे तज्ज्ञ आणि दुसरे दात सरळ करणारे, 2001 मध्ये हाडाला चिरा देऊन त्यावर हाडाची भुकटी घालायची आणि मग दात वेगाने हलवायचे, अशी पद्धत मांडली. निवडक प्रौढांत तिचा उपयोग आहे. सर्वांसाठी ती नाही.

हे सगळं आजच का महत्त्वाचं? पूर्वी तारा शाळेतल्या मुलांना लागत, आता पस्तिशी-चाळिशीतली माणसंही दात सरळ करून घेतात, आणि त्यांच्या हिरड्यांनी तोवर बरंच काही सोसलेलं असतं. पारदर्शक अलायनर आल्यापासून काहींना तोंडात नीट न पाहताच, नुसत्या स्कॅनवरून दात हलवण्याचा आराखडा मिळू लागला आहे. स्कॅन दातांचा असतो, हाडाचा नसतो. आणखी एक धोका उपचार संपल्यानंतरचा आहे. खालच्या दातांमागे चिकटवलेली बारीक तार वर्षानुवर्षं तशीच राहते. ती वाकली किंवा तिच्यात ताण उरला तर एखादं मूळ हळूहळू हाडाबाहेर ढकललं जातं. 2007 पासून असे रुग्ण शास्त्रीय नियतकालिकांत नोंदवले गेले आहेत. दात सरळ झाले म्हणून डॉक्टरकडे जाणं बंद केलेल्या माणसाला हे फार उशिरा कळतं.

या पुस्तकाचे लेखक एक हिरड्यांचे आणि एक दात सरळ करण्याच्या शास्त्राचे, एकाच रुग्णासमोर दोघांनी एकत्र बसायचं अशी सवय असलेले. पुस्तकाचा सारा रोख तारा लागण्याआधीच्या त्या एका बैठकीवर आहे. शरीररचना त्यांनी सविस्तर सांगितली आहे, कारण तिच्यावाचून पुढचं काही समजत नाही. शस्त्रक्रियांच्या तपशिलात ते फार शिरलेले नाहीत, ते योग्यच केलं. त्यासाठी वेगळी पुस्तकं आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यातली मोजमापं उपयोगी पडतील. सामान्य वाचकाला पहिला भाग आणि रुग्णांच्या छायाचित्रांचं प्रकरण पुरेसं आहे. भाषा मराठी ठेवण्याचा त्यांचा निर्णय मला विशेष आवडला. तालुक्याच्या गावी एकटं काम करणाऱ्या डॉक्टरला आणि त्याच्यासमोर बसलेल्या आईवडिलांना हे एकाच भाषेत वाचता यावं, ही गरज खरी आहे.

पुस्तकात एक उणीव मला जाणवली, तीही नोंदवतो. आपल्या लोकांच्या हाडाची आणि हिरडीची मोजमापं यात कमी आहेत, बाहेरच्या देशांची जास्त. दोष लेखकांचा नाही. आपल्या दंतमहाविद्यालयांत दरवर्षी शेकडो रुग्णांना तारा लागतात. त्या प्रत्येकाची हिरडी सुरुवातीला प्रोबने तपासून नोंदवली आणि पाच वर्षांनी पुन्हा पाहिली, तर ही उणीव भरून काढायला नवं यंत्र लागणार नाही. विभागप्रमुखांनी हे मनावर घ्यावं अशी माझी त्यांना विनंती आहे.

आणि ज्यांना स्वतःला किंवा मुलांना तारा लावायच्या आहेत त्यांना: पहिल्या भेटीतच डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. माझी हिरडी पातळ आहे का? दात कुठल्या दिशेला जाणार? आत्ता जिथे हिरडी उतरली आहे तिचं माप आणि फोटो माझ्या कागदांत आहे का? तारा काढल्यावर मागची बारीक तार कोण आणि किती दिवसांनी तपासणार? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तरं मिळाल्यावरच सही करा.